घरचा संगणक, दारचे वन्यप्राणी

मुलाला प्राण्यांची गोडी लागली आहे असं दिसलं की आईबाबा उत्साहाने संगणकावर काहीतरी शोधून देतात. आफ्रिकेतले सिंह, ध्रुवावरची अस्वलं, समुद्रातले देवमासे. मूल रमतं, नावं पाठ करतं आणि दोन महिन्यांत झेब्र्याच्या तीन जाती धडाधड सांगू लागतं. मात्र वांद्र्यातल्या इमारतीच्या गच्चीवर रोज बसणाऱ्या दोन कावळ्यांपैकी गावकावळा कोणता आणि डोमकावळा कोणता, हे त्याला सांगता येत नाही. गावकावळ्याची मान राखाडी असते, डोमकावळा चोचीपासून शेपटीपर्यंत काळा. हा फरक शिकायला पाच मिनिटं पुरतात, पण तो शिकवणारं कोणी त्याला भेटलेलं नसतं.

म्हणून घरच्या संगणकासाठी वन्यप्राण्यांविषयीचा एखादा कार्यक्रम निवडताना मी एकच कसोटी लावायला सांगते. तो बंद केल्यावर मूल खिडकीकडे जातं का? जात असेल तर कार्यक्रम चांगला, मग त्यातली चित्रं साधी असली तरी चालतील. जात नसेल, नुसतं ‘पुढचं लाव’ म्हणत असेल, तर कार्यक्रम कितीही देखणा असो, तो वेळ घालवण्याचं साधन झाला. खाली जे सुचवलं आहे ते याच कसोटीवर निवडलेलं आहे. त्यातलं बहुतेक सगळं फुकट मिळतं.

आधी कपाटातल्या जुन्या सीडींचं बघू, कारण तो प्रश्न अनेक घरांत आहे. १९९० च्या दशकात घरी संगणक आला की त्याच्यासोबत लॅमिंग्टन रोडवरून दोन-चार ज्ञानकोशी सीडीही यायच्या. सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयावरची ‘द अ‍ॅनिमल्स’ १९९२ची, मायक्रोसॉफ्टची ‘डेंजरस क्रीचर्स’ १९९४ची आणि १९९३पासून निघत राहिलेला ‘एन्कार्टा’ ज्ञानकोश. साधारण साडेसहाशे मेगाबाइटच्या एका तबकडीवर चित्रं, आवाज, छोटे चित्रपट आणि मजकूर एकत्र आल्याचं तेव्हा केवढं अप्रूप होतं! आज ज्यांची मुलं तिसरी-चौथीत आहेत, त्यांतल्या कितीतरी जणांनी वाघाची डरकाळी पहिल्यांदा या सीडींवरच ऐकली असेल. त्या सीडी आपल्या मुलांना दाखवाव्यात असं वाटणं स्वाभाविक आहे, पण त्या सहसा चालत नाहीत. त्या काळचे बरेच कार्यक्रम सोळा-बिट विंडोजसाठी लिहिलेले होते आणि आजच्या चौसष्ट-बिट विंडोजवर ते सुरूच होत नाहीत. नंतरच्या काळात संकेतस्थळांवर आलेले प्राण्यांचे खेळ फ्लॅशवर बांधलेले होते. अ‍ॅडोबीने २०२० अखेर फ्लॅशचा आधार काढून घेतल्यावर तेही बंद पडले.

सीडी टाकून देऊ नका. यूएसबीला जोडायचा सीडी ड्राइव्ह उसना आणा आणि तबकडीची आयएसओ प्रत संगणकात काढून ठेवा, कारण तबकडीवरचा थर वर्षांगणिक खराब होत जातो. ज्याला थोडी तांत्रिक हौस आहे त्याने आभासी यंत्रात, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमध्ये, जुनं विंडोज बसवून ती प्रत चालवावी. डॉसवरचे कार्यक्रम डॉसबॉक्समध्ये चालतात. एवढी खटपट करायची नसेल तर इंटरनेट अर्काइव्हवर जुनं सॉफ्टवेअर थेट ब्राउझरमध्ये चालवून पाहता येतं. मात्र हे सगळं आठवणीसाठी करा, अभ्यासासाठी नको. तीस वर्षांत प्राण्यांची वर्गवारी बदलली, संख्या बदलल्या, शास्त्रीय नावं बदलली. शिवाय त्या सीडींत आपला शेकरू शोधून सापडणं कठीण. भीमाशंकरच्या झाडांवरून उड्या मारणारी ही मोठी खार महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, आणि आपल्या मुलाला ती अमेरिकेतल्या करड्या खारीच्या आधी माहीत असायला हवी.

अगदी लहान मुलांसाठी, म्हणजे चार ते सात वर्षांच्या, जीकॉम्प्रिस हा मुक्त सॉफ्टवेअरचा संच घ्या. २००० साली फ्रान्समध्ये सुरू झालेला हा प्रकल्प आहे. तो विंडोज, लिनक्स आणि अँड्रॉइड या सगळ्यांवर चालतो, जुन्या संगणकालाही झेपतो आणि त्यात जाहिराती नाहीत. त्यात पाळीव प्राण्यांचा एक आणि जगभरातल्या वन्य प्राण्यांचा एक असे दोन खेळ आहेत. प्राण्यावर टिचकी मारली की माहिती येते, मग आवाजावरून किंवा नकाशावरच्या जागेवरून तो ओळखायचा. मूल खेळत असताना शेजारी बसा आणि प्रत्येक प्राण्याला ‘हा आपल्याकडे आहे का?’ एवढाच प्रश्न विचारा. दोनपेक्षा लहान मुलाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी दिवसाला एका तासाची मर्यादा पाळावी, कमी झाला तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे. प्राण्यांचं ज्ञान मिळतंय म्हणून ही मर्यादा सैल करू नका.

सातच्या पुढे खरी मजा सुरू होते, आणि ती पक्ष्यांपासून सुरू करावी असं माझं ठाम मत आहे. बिबट्या बघायला रात्री जंगलाच्या कडेला जावं लागेल, पक्षी सकाळी सहाला आपल्या खिडकीशी येतात. वांद्र्याला तर याची परंपराच आहे. भारतीय पक्षिशास्त्राचे अध्वर्यू सालिम अली पत्नीच्या निधनानंतर पाली हिलवर बहिणीच्या घरी राहत होते आणि १९८७ साली निधन होईपर्यंत तेच त्यांचं घर होतं. १९४१ मध्ये निघालेल्या त्यांच्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ने भारतात पक्षी बघण्याची सवय लावली. चित्र आणि छोटी माहिती समोरासमोर ठेवली की सामान्य माणूसही पक्षी ओळखू शकतो, हे त्या पुस्तकाने दाखवून दिलं. आजच्या पक्षी ओळखण्याच्या अ‍ॅपचा पायाही हाच आहे.

त्यातलं सगळ्यात उपयोगी अ‍ॅप म्हणजे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचं मर्लिन. ते फोनवर किंवा टॅबवर चालतं. आपल्या भागाचा पॅक एकदा वायफायवर उतरवून घेतला की नंतर इंटरनेट नसलं तरी चालतं. त्यात आवाजावरून पक्षी ओळखण्याची सोय आहे. पहाटे खिडकीत फोन धरा. पडद्यावर आवाजाचं चित्र डावीकडे सरकत जाईल आणि खाली पक्ष्यांची नावं उमटतील. मुलाचं लक्ष नावांपेक्षा त्या चित्राकडे वळवा. तांबटाचं टुक-टुक सारख्या अंतरावरच्या ठिपक्यांसारखं दिसतं. कोकीळ नराचा आवाज दर खेपेला वर चढत जातो आणि त्याच्या रेघाही तशाच वर जातात. दयाळाची शीळ दर वेळी वेगळी, म्हणून तिचं चित्रही दर वेळी वेगळं. डोळ्यांनी आवाज वाचायला शिकलेलं मूल पुढे अ‍ॅपशिवायही पक्षी ओळखतं.

पण मर्लिन जे सांगेल ते प्रमाण मानू नका. वांद्र्यात रिक्षांचे हॉर्न, बांधकामाची यंत्रं आणि विमानं यांच्या गलक्यात त्याची गफलत होते. शिवाय नकला करणारे पक्षी आहेतच. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात भृंगराज इतर पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो, आणि माणसाचा कान फसतो तिथे अ‍ॅपही फसू शकतं. तेव्हा घरात एक नियम ठेवा: अ‍ॅपने नाव सांगितलं तरी पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत तो वहीत पक्का लिहायचा नाही, पेन्सिलने लिहायचा.

आवाजांचा विषय निघाला आहे तर एक गोष्ट सांगायलाच हवी. चित्रपटांत आणि पडद्यावरच्या कितीतरी दृश्यांत गरुड किंवा घार दिसली की जो कर्कश चीत्कार ऐकू येतो, तो पुष्कळदा अमेरिकेतल्या लाल शेपटीच्या ससाण्याचा असतो. निसर्गपटांतलेही बरेच आवाज नंतर स्टुडिओत जोडलेले असतात. आपल्या घारीचा खरा आवाज थरथरत्या शिट्टीसारखा लांबट आणि पातळ असतो. झेनो-कँटो या संकेतस्थळावर जगभरातल्या लोकांनी टेप केलेले पक्ष्यांचे आवाज मोफत ऐकता येतात. मुलाला तिथे घारीचा आवाज ऐकवा, मग गच्चीवर नेऊन प्रत्यक्ष ऐकवा. पडद्यावरचं सगळं खरं नसतं हा धडा यापेक्षा सोप्या रीतीने देता येणार नाही.

रोजची नोंद ठेवायला ईबर्ड आहे. ते संगणकाच्या ब्राउझरमध्ये उत्तम चालतं आणि पक्ष्यांची नावं मराठीत दाखवण्याचा पर्यायही त्यात निवडता येतो. मराठीतून सुरुवात करायची असेल तर नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या अर्ली बर्ड उपक्रमाचं साहित्य जरूर पाहा. चित्रफलकावरच्या पक्ष्यावर टिचकी मारायची आणि त्याचा आवाज ऐकायचा, अशी सोय त्यांनी केली आहे. संगणकावर मुलाला एकट्याने बसून शिकता येईल असं आणि आपल्याकडच्या पक्ष्यांवरचं हे साहित्य आहे. वर्गात प्रोजेक्टर असलेल्या शिक्षकांनी परिसर अभ्यासाच्या तासाला ते लावून बघावं.

आता पक्ष्यांकडून खाली समुद्राकडे या. वांद्रे पश्चिमेला राहणाऱ्यांना कार्टर रोड म्हणजे संध्याकाळची फेरी वाटते, पण ओहोटीला तिथल्या खडकांच्या खळग्यांत जे जग उघडं पडतं ते बहुतेकांनी पाहिलेलंच नाही. समुद्रफुलं, खेकडे, शंखांतले प्राणी, चिखलात सरपटणाऱ्या निवट्या. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा उपक्रम २०१७ पासून मुंबईच्या किनाऱ्यांवर लोकांना घेऊन फिरतो आणि दिसलेल्या जिवांची नोंद आयनॅचरलिस्टवर करतो. शहराच्या सांडपाण्याने गढूळ झालेल्या या पाण्यात इतके जीव टिकून आहेत, हे त्या नोंदींमुळे जगाला दिसलं. अशा फेरीची जाहिरात दिसली तर मुलाला न्याच.

स्वतः जाणार असाल तर आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, तेव्हा ओहोटीला पाणी सगळ्यात लांब जातं, आणि भरतीला तितक्याच जोराने परत येतं. ओहोटीच्या नेमक्या वेळेच्या तासभर आधी उतरा आणि पाणी फिरलं की लगेच वर या. पावसाळ्यात खडकांवर जाऊच नका. पायात घट्ट बसणारे बूट हवेत, कारण खडकांवर कालवांच्या धारदार शिंपल्या असतात. दगड उलटला तर होता तसा परत ठेवा. त्याच्या खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात मरतात.

फोटो काढल्यावर तो प्राणी ओळखायचा कसा? लहान मुलांसाठी सीक वापरा. ते आयनॅचरलिस्टनेच बनवलेलं अ‍ॅप आहे, त्यात खातं उघडावं लागत नाही आणि मुलाची कोणतीही माहिती मागितली जात नाही. कॅमेरा प्राण्यावर धरला की ते आधी गट सांगतं, मग कुळ आणि जमलं तर जात. ‘एवढंच कळलं, पुढचं सांगता येत नाही’ असं जेव्हा सीक म्हणतं, तेव्हा मुलाला ते प्रामाणिक उत्तर म्हणून दाखवून द्या.

मोठ्या मुलांसाठी, पालकांच्या खात्यावरून, थेट आयनॅचरलिस्ट वापरावं. २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून ते उभं राहिलं. फोटो चढवला की संगणक एक अंदाज देतो, पण तिथे तो शेवटचा शब्द नसतो. जगभरातले जाणकार तो फोटो बघून आपापलं मत देतात आणि पुरेशी मतं जुळली तरच नोंद संशोधनाला उपयोगी मानली जाते. आपल्या मुलाने काढलेल्या खेकड्याच्या फोटोवर हजारो मैलांवरचा कुणी अभ्यासक ‘मागचा पाय दिसेल असा आणखी एक फोटो आहे का?’ असं विचारू शकतो. यातून मुलाला कळतं की ज्ञान एका बटणात नसतं, ते अनेकांनी मिळून तपासलेलं असतं. प्राण्याचं मराठी नाव तिथे नसेल तर तुम्हाला ते जोडता येतं. चिंबईच्या कोळीवाड्यातल्या आजीला विचारा. माशांची आणि खेकड्यांची नावं तिच्याइतकी कोणाला माहीत नसतील.

एक काळजी मात्र घ्या. घराच्या खिडकीतून काढलेल्या फोटोबरोबर घराची नेमकी जागा जाते. नोंद करताना जागा धूसर करण्याचा पर्याय निवडा. संकटात असलेल्या जातींची जागा हे संकेतस्थळ स्वतःहूनच धूसर करतं, पण पक्ष्याचं घरटं किंवा घुबडाची ढोली कुठे आहे हे मुलानेही जाहीर करू नये.

बिबट्याचं काय, असं मुलं विचारणारच. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे आणि २०१५ च्या कॅमेरा ट्रॅप अभ्यासात उद्यान आणि लगतच्या भागात मिळून ३५ बिबटे ओळखले गेले. ही गणती कशी करतात हे घरच्या संगणकावर करून बघता येतं. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, आणि एकाच बिबट्याची डावी कूस उजवीपेक्षा वेगळी असते. विकिमीडिया कॉमन्सवरून बिबट्यांचे पाच-सहा फोटो उतरवा, त्यातला एक दोनदा ठेवा, एकदा थोडा कापून आणि काळपट करून. मग मुलाला सांगा: यातले कोणते दोन फोटो एकाच बिबट्याचे? खांद्यावरची एखादी ठळक खूण धरून शेजारची नक्षी ताडत जायचं. अर्ध्या तासात त्याला कळेल की बिबटे मोजणं म्हणजे नुसतं फोटो काढणं नाही.

आणि मग त्याला आजोबाची गोष्ट सांगा. २००९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. वन खात्याने त्याला बाहेर काढलं. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा बसवला आणि त्याला माळशेज घाटात सोडण्यात आलं. तो वयस्क आणि शांत होता, म्हणून त्याचं नाव आजोबा. पट्टा ठरावीक वेळाने त्याचं ठिकाण कळवत राहिला आणि सगळे थक्क झाले. आजोबा मुंबईच्या दिशेने निघाला होता. शेतं, वस्त्या, महामार्ग, कसाऱ्याकडची रेल्वे असं सगळं ओलांडत, वसईच्या खाडीतून पोहत तो सुमारे १२० किलोमीटर चालून राष्ट्रीय उद्यानात पोचला. वाटेत त्याने कोणा माणसाला इजा केली नाही. डिसेंबर २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला, आणि अंगातल्या मायक्रोचिपमुळे तो आजोबाच होता हे कळलं. सुजय डहाके यांनी त्याच्यावर २०१४ मध्ये ‘आजोबा’ हा मराठी चित्रपट काढला.

ही गोष्ट सांगून थांबू नका. गूगल अर्थ उघडा. माळशेज घाटावर एक खूण, कसाऱ्यावर दुसरी, वसईच्या खाडीवर तिसरी, उद्यानावर चौथी. पट्टीच्या साधनाने सरळ अंतर मोजा आणि ते आजोबा चालला त्या १२० किलोमीटरशी ताडून पाहा. तो सरळ का चालला नाही? नकाशा जवळ आणून बघा: कुठे आडोसा आहे, कुठे उघडं रान, कुठे गावांची दाटी. तुम्ही बिबट्या असता तर रात्री कुठून गेला असता? मुलाला बोटाने वाट काढू द्या. मग महामार्गावर या आणि विचारा की इथे प्राण्यांना ओलांडायला पूल किंवा भुयारी वाट करायची तर ती नेमकी कुठे हवी. दहा वर्षांचं मूलही यावर गंभीरपणे विचार करतं. भूगोल, गणित, वन्यजीव आणि नागरिकशास्त्र एकाच बैठकीत शिकवणारा यापेक्षा चांगला धडा माझ्या माहितीत नाही, आणि तो कोणत्याही सीडीत मिळणार नाही. तो पालकांनीच बांधायचा आहे.

गूगल अर्थमध्येच जुनी उपग्रहचित्रंही बघता येतात. वांद्रे पूर्वेला मिठी नदीच्या कडेने एकेक वर्ष मागे जात बघा. वांद्रे-कुर्ला संकुल कसं पसरलं, खारफुटी कुठे राहिली, कुठे गेली. पलीकडच्या काठावर धारावीजवळ हिरवा तुकडा दिसेल, ते महाराष्ट्र निसर्ग उद्यान. सदतीस एकरांचा हा तुकडा कधीकाळी शहराच्या कचऱ्याची जागा होता, आणि १९९४ पासून लोकांसाठी खुला आहे. शीव-वांद्रे जोडरस्त्यावर धारावी आगारासमोर त्याचं फाटक आहे. कलानगर किंवा शासकीय वसाहतीतून तिथे पोचायला फार वेळ लागत नाही. पडद्यावर पाहिलेली जागा त्याच आठवड्यात पायाखाली आली की मुलाच्या मनात ती पक्की बसते. पुढच्या सुट्टीत गोरेगावला चित्रनगरीशेजारचं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं संवर्धन शिक्षण केंद्र बघा. बोरिवलीचं उद्यान सोमवारी बंद असतं, हे लक्षात ठेवून बेत करा.

मराठी वाचनाचीही सोय आहे. मराठी विश्वकोश पूर्ण स्वरूपात इंटरनेटवर मोफत वाचता येतो आणि त्यात प्राण्यांवरच्या सविस्तर नोंदी आहेत. मुलांसाठीच्या कुमार विश्वकोशाचे जीवसृष्टी आणि पर्यावरणाचे भाग स्वतंत्र आहेत. मारुती चितमपल्लींचे पक्षिकोश आणि प्राणिकोश वाचनालयातून आणून संगणकाशेजारी ठेवा. प्रदेशाप्रदेशात एकाच प्राण्याची नावं बदलतात, त्यामुळे मराठी नावाने शोधून गोंधळ झाला तर कोशातलं शास्त्रीय नाव घेऊन शोधा. फुलपाखरांसाठी डॉ. कृष्णमेघ कुंटे यांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ हे संकेतस्थळ बघा. अंडी, अळी, कोष आणि फुलपाखरू अशा सगळ्या अवस्थांची छायाचित्रं तिथे आहेत. गच्चीवरच्या कढीलिंबावर अळी सापडली की तिथे जाऊन ताडून बघता येतं.

यूट्यूबविषयी मी कडक आहे. प्राण्यांना ‘वाचवण्याचे’ अनेक व्हिडिओ मुद्दाम घडवलेले असतात. आधी प्राण्याला संकटात टाकायचं आणि मग कॅमेऱ्यासमोर सोडवायचं. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली बिबट्यांची चित्रं खऱ्यासारखी फिरतात आणि इमारतीच्या गटात घबराट पसरते. अशी चित्रफीत आली की मुलासमोरच विचारा: ही कुठे, केव्हा, कोणी काढली? या तिन्हींचं उत्तर नसेल तर ती पुढे पाठवायची नाही. माकडाला कपडे घातलेले, पोपटाला पिंजऱ्यात बोलायला लावलेले व्हिडिओही बंद करा. आपला साधा हिरवा पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे आणि त्याला घरात पाळणं हा गुन्हा आहे. संगणकावरच्या माहितीतून प्राण्याचं प्रेम वाढलं आणि मूल पोपट हवा म्हणून हट्ट करू लागलं, तर ही गोष्ट त्याला स्पष्ट सांगा.

तसंच, फोनवरून पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावू नका. विणीच्या काळात नराला वाटतं की आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला आहे. तो घरटं सोडून भांडायला येतो आणि दमतो. आवाज घरात ऐका, झाडाखाली नको.

पैसे खर्च करायचे असतील तर सॉफ्टवेअरवर करू नका. आठ बाय चाळीसच्या आसपासची एक साधी दुर्बीण घ्या. ती इमारतीतल्या चार घरांनी मिळून घेतली तरी चालेल.

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातल्या पक्ष्यांची गणना होते आणि भारतातले लोक २०१३ पासून तिच्यात भाग घेतात. तिच्यासाठी एका जागी किमान पंधरा मिनिटं पक्षी मोजावे लागतात आणि यादी ईबर्डवर भरावी लागते. वांद्र्यातल्या प्रत्येक सोसायटीने आपल्या मुलांची एक यादी या दोन्ही वेळी भरावी, ही माझी विनंती आहे. गच्ची उघडून द्या, एका मोठ्या माणसाला सोबत बसवा आणि कावळ्यांपासून मोजायला सुरुवात करा.